एका माणसाचे सात पत्ते

मोजणीदारांच्या पत्राला ग्रंथपालांनी उत्तर दिलं नव्हतं, आणि ही गोष्ट घरात सगळ्यांना ठाऊक होती. पत्र काही लपवून ठेवलेलं नव्हतं. ते जेवणाच्या टेबलावर, मिठाच्या भांड्याला टेकून उभं असायचं. टेबल पुसताना बायको ते उचलायची, पुसून झालं की परत तिथेच उभं करायची, आणि करता करता म्हणायची, "अहो, त्या माणसाला आता पणतवंडं झाली असतील. उत्तर देणार आहात की नाही?"

"देतो ना. एक गोष्ट तेवढी नक्की करायची राहिलीय."

ती एक गोष्ट म्हणजे नेमकं पत्रातच विचारलेली गोष्ट होती, त्यामुळे भिजत घोंगडं भिजतच पडलं होतं.

मोजणीदार कोण, कसे, हे ग्रंथपालांना माहीत नव्हतं. लांबच्या गावातले निवृत्त गृहस्थ, जन्मभर जमिनी मोजलेले. त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: 'सप्रेम नमस्कार. माझ्याकडे एक जुना, जाडजूड नकाशासंग्रह आहे. त्याची पाठ सुटली आहे. पाठीवरचा जुना सरस मऊ करून काढायला पिठाची खळ लावावी, असं आपण लिहिलं आहे. पण इंटरनेटवर आपल्या एका पत्त्यावर ती पातळ असावी असं आहे, दुसऱ्यावर घट्ट, तिसऱ्यावर मध्यम, आणि चौथ्यावर ज्याने त्याने ठरवावे असं. बांधावरून भांडणारी माणसं मी खूप पाहिली. एकच माणूस चार जागी स्वतःशी भांडतो आहे, हे मात्र पहिल्यांदाच पाहिलं. आपलं खरं मत कुठलं आणि खरा पत्ता कुठला, ते कळवावं. तोवर मी संग्रहाला हात लावत नाही.'

शेवटचं वाक्य वाचलं की ग्रंथपालांना घाम फुटायचा. कुठेतरी एक माणूस हातावर हात ठेवून, त्यांच्या एका शब्दासाठी थांबला होता. आपल्या शब्दासाठी कुणी थांबावं अशी ग्रंथपालांची मुळीच इच्छा नव्हती.

आता हे पत्ते झाले कसे, ते सांगायला हवं. ग्रंथपालांनी आयुष्य एका सार्वजनिक वाचनालयात काढलं. वाचकांशी बोलायची वेळ आली की ते कपाटाआड जात. पण फाटक्या पुस्तकांशी त्यांचं छान जमायचं. मागच्या खोलीत बसून पुस्तकं दुरुस्त करायला ते आपले आपणच शिकले. निवृत्त झाल्यावर त्यांनी ते सगळं लिहून काढायचं ठरवलं, आणि भाचीच्या मदतीने एक वेबसाइट काढली. समोर वाचक बसलेला नाही आणि तरी लिहिता येतं, हे त्यांना फारच सोयीचं वाटलं.

पहिलं डोमेन घेतलं, म्हणजे इंटरनेटवर एक पत्ता घेतला, आणि त्यावर पंचवीसेक लेख टाकले. मग शंका सुरू झाल्या. खळ पातळ सांगितली, ती घट्ट तर नसावी? दुसरा कुणी असता तर त्याने लेखातला तेवढा शब्द बदलला असता. पण ग्रंथपालांच्या मते छापलेल्यावर खाडाखोड करायची नसते. चूक सापडली तर नवी आवृत्ती काढायची, आणि जुनी कपाटात तशीच ठेवायची. म्हणून त्यांनी दुसरं डोमेन घेतलं आणि सगळे लेख सुधारून तिथे लावले. त्यानंतर सबडोमेन नावाची सोय त्यांच्या लक्षात आली. सबडोमेन म्हणजे त्याच घराला बाजूने काढलेलं वेगळं दार, वर वेगळी पाटी. आणि फुकट! वाचनालयात विषयवार कपाटं असतात, तशी त्यांनी दारं काढली. एक खळीचं, एक दोऱ्याचं, एक किडीचं. एखादा लेख दोन विषयांत बसत असला की तो दोन्हीकडे ठेवला. एकाच पुस्तकाच्या चार प्रती चार कपाटांत असल्या की वाचकाला ते लवकर सापडतं, हा त्यांचा आयुष्यभराचा अनुभव होता. प्रत्येक वेळी प्रत उतरवताना त्यांना नवी शंका यायची आणि प्रत थोडी बदलायची, एवढंच.

एक दार बायकोचंही होतं. ती पूर्वी टेलिफोन ऑपरेटर होती. कुणाचे फोन कसे जोडले, कुणाचे चुकून जोडले आणि त्यातून कुणाचं लग्न जमलं, असल्या गोष्टी ती सांगायची आणि ते उतरवून घ्यायचे. हे झाले सहा पत्ते. सातवा लेकीच्या दुकानाचा.

लेक पुस्तकबांधणी करायची. विद्या बापाची, पण हात बापापेक्षा धीट. शिंप्याच्या आणि चष्मेवाल्याच्या मध्ये तिचा अरुंद गाळा होता. आत एक लोखंडी दाबयंत्र, शिवायची चौकट, कापडाच्या गुंडाळ्या, आणि खिडकीत खळीचं भांडं. गाळा नीटनेटका होता, कारण गेले काही महिने तिथे कामच कमी होतं.

एका रविवारी जेवताना तिने सांगून टाकलं.

"बाबा, खोक्यांच्या कारखान्यात नमुने करायला माणूस हवंय. मला विचारलंय. महिनाअखेर सांगायचंय."

"खोकी?" ग्रंथपालांचा घास हातातच राहिला.

"बुटांची, औषधांची. पुठ्ठाच कापायचा की."

"आणि दुकान?"

"दुकानात येतंय कोण? काल एक बाई जुना शब्दकोश घेऊन आल्या. त्याला आतून चिकटपट्टी लावलेली, पार वाट लागलेली. म्हटलं, आधी इकडे का नाही आणलात? तर म्हणाल्या, अहो, खूप शोधलं, तुम्ही कुठे सापडतच नाही! समोरच्या गल्लीत राहतात, बाबा."

बायकोने मिठाचं भांडं पुढे सरकवलं. त्याला टेकलेलं पत्र कलंडून लेकीच्या ताटात पडलं.

"आणि हे बघ आणखी एक," बायको म्हणाली. "यांनाही तुझे बाबा सापडत नाहीत."

पुढच्या शनिवारी भाची आली. ती वेबसाइटींचंच काम करायची आणि बोलताना कुणाची भीडभाड ठेवायची नाही. मामीने तिला खास बोलावून घेतलं होतं. ऑपरेटर बाईला कुणाची लाइन कुणाला जोडायची ते बरोबर कळायचं.

भाचीने चहाचा कप बाजूला ठेवला, लॅपटॉप उघडला आणि शोधयंत्रात 'पुस्तकाची बांधणी दुरुस्त करणे' असं लिहिलं. पहिल्या पानावर तीन गोंद विकणारे होते आणि एक पुस्तकांना चिकटपट्टी लावणारा उत्साही तरुण. दुसऱ्या पानावर कुणी ओळखीचं नव्हतं. चौथ्या पानावर खाली ग्रंथपालांचा सगळ्यात जुना लेख दिसला.

"सापडलो," ग्रंथपाल हळूच म्हणाले.

"मामा, चौथ्या पानावर सापडणं म्हणजे न सापडणं. तिथवर कुणी येत नाही. आणि हा लेखही जुना. यातला दुकानाचा नंबर चालू आहे का?"

लेकीने वाकून पाहिलं. "अगं, हा तर जुना फोन! तो बंद होऊन किती वर्षं झाली."

"म्हणजे जो बिचारा चुकून पोचतो, तो बंद नंबर फिरवतो." भाचीने आता एकेक पत्ता उघडायला सुरुवात केली. पहिला, दुसरा, खळीचा, दोऱ्याचा. तिच्या भुवया वर चढत गेल्या. "मामा, हाच लेख इथेही आहे. इथेही. आणि हा इथे अर्धा. किती जागी ठेवलाय?"

"ज्या ज्या कपाटात कुणी शोधू शकेल, त्या त्या."

भाचीने कपाळाला हात लावला. "तुम्ही गेली कित्येक वर्षं स्वतःशीच स्पर्धा करताय. आणि हरताय."

"म्हणजे शोधयंत्राने शिक्षा केली म्हणायची का?" ग्रंथपालांनी घाबरून विचारलं.

"छे, शिक्षा बिक्षा काही नाही. नुसता गोंधळ. हे बघा, एकच मजकूर चार पत्त्यांवर दिसला की शोधयंत्र चारही दाखवत नाही. त्यातला एक उचलतं. कुठला, ते तुम्ही सांगितलं नसेल तर त्याचं ते ठरवतं. त्याने सगळ्यात जुना उचलला, कारण लोकांनी त्याच पत्त्याची शिफारस केलीय. दुसऱ्यांच्या साइटवरून तुमच्याकडे येणाऱ्या लिंका म्हणजे शिफारशीच. तुमच्या आहेत बऱ्यापैकी. पण काही या पत्त्याला, काही त्या पत्त्याला, दोन खळीच्या दाराला. विखुरल्यात. एकाच माणसाला मिळाल्या असत्या तर तो वर गेला असता. इथे सात जण वाटून घेताहेत, आणि कुणाचंच पोट भरत नाही."

"आणि माझं टेलिफोनचं?" मामीने विचारलं.

भाचीने ते उघडलं, काही आकडे पाहिले आणि हसत सुटली. "मामी, तुझं सगळ्यात जोरात चाललंय! मामांच्या सगळ्या लेखांना मिळून नाहीत इतके वाचक."

"बघा," बायको ग्रंथपालांना म्हणाली.

"तिचा विषयच वेगळा, म्हणून वेगळं दार शोभतं. सबडोमेन वाईट नसतं, मामा. पण एकाच विषयाला चार दारं, आणि चारही दारांआड तीच खोली, हे कशाला?"

सगळं एका पत्त्यावर आणायचं, असं भाचीचं म्हणणं पडलं. तोही पत्ता सगळ्यात जुना, कारण शिफारशी त्याच्याकडे जास्त. दुकान त्याच्यातच एक पान म्हणून. बाकीचे मजकूर बंद.

ग्रंथपालांचं घोडं इथे अडलं. ते उठले, खिडकीपाशी गेले, परत आले.

"बंद म्हणजे फाडून टाकायचं? आणि त्या पत्त्यावर कुणी गेला तर? त्याला रिकामं कपाट?"

"रिकामं नाही हो. तिथून त्याला आपोआप नव्या जागी पाठवायचं. रीडायरेक्ट म्हणतात त्याला. आणि ते कायमचं म्हणून केलं, की शोधयंत्रही जुन्या पत्त्याच्या शिफारशी नव्याच्या खात्यात धरतं."

ग्रंथपालांचा चेहरा हळूहळू असा उजळला की लेकीला वाटलं, बाबा आता गातात की काय.

"'पाहा'चं कार्ड!"

"कसलं कार्ड?"

"अगं, तालिकेत असतं. सूचीच्या खणात. लेखक टोपणनावाने लिहितो, वाचक खऱ्या नावाने शोधतो. तर खऱ्या नावाच्या जागी आपण पुस्तक नाही ठेवत, एक कार्ड ठेवतो. त्यावर लिहायचं, अमुक पाहा. पुस्तक एकच, एकाच जागी. कार्डं हवी तितकी." ते खुर्चीत बसले. "मी प्रती ठेवत बसलो. कार्डं ठेवायला हवी होती. हे तर मला येत होतं!"

"तेच ते," भाची म्हणाली. "मी सकाळपासून घसा कोरडा करतेय, आणि तुम्हाला हे आधीच माहीत."

पण प्रतींतली एकच ठेवायची, तर कुठली ठेवायची? इथे पुन्हा सगळ्यांचे डोळे त्या पत्राकडे गेले. खळ पातळ, घट्ट, मध्यम, की ज्याने त्याने ठरवावे?

"बाबा, उठा," लेक म्हणाली. "दुकानात चला."

दुकानात तिने एक टाकाऊ जाड पुस्तक काढलं; पाठीवर जुना, काचेसारखा कडक सरस. पाठीच्या एका टोकाला तिने पातळ खळ लावली, दुसऱ्या टोकाला घट्ट. मध्ये, बापाच्या मनासाठी, मध्यम. मग बाप, लेक आणि मागोमाग आलेली भाची, तिघंही बाकावर बसून राहिली. शेजारच्या शिंप्याने डोकावून विचारलं, "काय, कुणाची वाट बघताय?" लेक म्हणाली, "खळीची." शिंपी काहीच न कळता मान डोलावून गेला.

थोड्या वेळाने लेकीने हाडाची पट्टी घेऊन पाठ खरवडली. पातळ खळ पानांच्या मधे घुसली होती. कडा ओल्या होऊन तपकिरी डाग पसरला होता, आणि सरस जिथल्या तिथे. मध्यम बरी होती, पण तीही घरंगळली होती. घट्ट खळ मात्र लेपासारखी जागेवर बसून राहिली होती. तिच्याखालचा सरस लोण्यासारखा सुटून आला.

"घट्ट," लेक म्हणाली.

"आज घट्ट निघाली," ग्रंथपाल म्हणाले. "पण हवा दमट असती तर, किंवा सरस वेगळा असता तर..."

"बाबा! मी रोज हेच करते. रोज घट्टच लावते. तुम्हीच शिकवलंत मला."

"मी?"

"तुम्हीच. लहानपणी. मागच्या खोलीत. तेव्हा नव्हतात तुम्ही 'ज्याने त्याने ठरवावे' म्हणाला. माझ्या हातावर चापट मारली होतीत, पाणी जास्त घातलं म्हणून."

ग्रंथपालांना ते आठवेना. पण चापट मारण्याइतकी खात्री आपल्याला कधी काळी होती, हे ऐकून त्यांना बरं वाटलं. घरी येऊन त्यांनी जुन्या पत्त्यावरचा लेख उघडला, आणि जन्मात पहिल्यांदा छापलेल्या मजकुराला हात लावला. 'पातळ' खोडून 'घट्ट' केलं. पातळ का नको, डाग कसा पडतो, तेही लिहिलं. लेखाखाली लेकीने आपला चालू नंबर स्वतः घातला, मोठ्या अक्षरात.

भाची रविवारी दुपारी परत जायला निघाली. 'पाहा'ची कार्डं कशी घालायची ते तिने दाखवलं, आणि उरलेली मीच घालीन असं ग्रंथपालांनी इतक्या आग्रहाने सांगितलं की तिला नाही म्हणवेना. "कधी नव्हे ते मामांना काही स्वतः करायचंय," ती मामीच्या कानात म्हणाली.

ग्रंथपालांनी कार्डं घातली. मन लावून, एकेक पान तपासून. घातल्यावर जुना पत्ता उघडून पाहिला. लेख व्यवस्थित दिसला. ते समाधानाने झोपले.

भाचीने सांगितलंच होतं, की परिणाम लगेच दिसणार नाही, थोडे दिवस कदाचित खालीही जाल. म्हणून एक आठवडा सगळ्यांनी वाट पाहिली. दुसऱ्या आठवड्यात लेकीचा चेहरा उतरला. पूर्वी अधूनमधून वाजणारा दुकानाचा फोन आता अजिबात वाजेना. चौथ्या पानावरचा तो लेखही शोधयंत्रातून गेला.

"आधी उशिरा का होईना, सापडत होतो," ती म्हणाली. ती चिडली नव्हती, हेच ग्रंथपालांना जास्त लागलं. "कारखान्यात सोमवारी कळवते, बाबा. तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

ग्रंथपालांनी मनाला लावून घेतलं. चांगलं चाललेलं नव्हतं, पण काहीतरी चाललेलं होतं. तेही आपण हात लावून बंद पाडलं. खाडाखोड करू नये म्हणतात ते उगीच नाही. सगळं होतं तसं परत मांडावं का, या विचारात ते संगणकासमोर बसून राहिले. पान तर छान दिसत होतं. मग झालं काय?

बायको स्वयंपाकघरातून आपला फोन घेऊन आली. "अहो, तुमचा तो खळीचा लेख मला जरा वाचायचा होता."

"तुला?"

"शिंप्याच्या बायकोला सांगायचाय. पण हे पान उघडतच नाही. नुसतं फिरतंय, फिरतंय आणि म्हणतंय, होत नाही."

"माझ्याकडे तर उघडतंय."

"माझ्याकडे नाही उघडत. थांबा, लाइन जोडते." तिने भाचीला फोन लावला, आणि जुन्या सवयीने म्हणाली, "बोला, आपलं माणूस लाइनवर आहे."

भाचीने पलीकडे पाच मिनिटं टकटक केली. मग तिचं हसू असं फुटलं की बायकोला फोन कानापासून लांब धरावा लागला.

"मामा, तुम्ही सुरुवातीला जुन्या पत्त्यावर कार्ड घातलं होतंत का? 'नवी आवृत्ती पाहा' असं?"

ग्रंथपालांनी आठवलं. घातलं होतं. जुन्या मजकुराची त्यांना लाज वाटायची, म्हणून भाची गेल्यावर आधी, सरावाला म्हणून, सगळ्या जुन्या पानांवर घातलं होतं. मग जुनाच पत्ता ठेवायचं ठरलंय हे आठवून नव्या पानांवर 'जुनं पाहा' घातलं.

"आणि पहिलं काढायचं राहिलं! म्हणजे जुनं पान वाचकाला म्हणतंय, आधी तिकडे जा. तिकडचं म्हणतंय, छे छे, आधी तिकडे. तुमची पानं दारात उभं राहून एकमेकांना 'आधी आपण, आधी आपण' करताहेत, मामा! आत कुणीच जाईना. शोधयंत्रही दारात ताटकळलं आणि निघून गेलं."

"पण मला दिसतंय ना!"

"तुमच्या संगणकाने आधीचं पान जपून ठेवलंय, तेच दाखवतोय. त्याला तुमच्याविषयी माया आहे."

बायको हसून हसून खुर्चीत बसली. "पानंसुद्धा तुमच्यावरच गेलीत हो! आमच्या लग्नाच्या वेळीसुद्धा हे असेच दारात. माझ्या वडिलांना म्हणतात आधी आपण, वडील म्हणतात आधी आपण. शेवटी मी आत गेले आणि आतून हाक मारली."

ग्रंथपाल लालबुंद झाले. पण गंमत अशी, की या वेळी त्यांना पळून जावंसं वाटलं नाही. सूचीत असं एकमेकांकडे बोट दाखवणारं कार्ड म्हणजे नवशिक्या कारकुनाची चूक. अशी कार्डं त्यांनी दुसऱ्यांच्या खणांतून कितीतरी काढली होती. चूक कळली होती आणि ती काढता येत होती. त्यांनी भाचीला फोनवर ठेवून जुन्या पानांवरची सगळी कार्डं एकेक करून उपटली. बायकोने आपल्या फोनवर एकेक पान उघडून "आलं", "आलं" असा पुकारा केला.

मग ते लेकीच्या दुकानात गेले आणि, जे त्यांना आयुष्यात फारसं जमलं नव्हतं, ते केलं: काही तरी मागितलं.

"सोमवारी नको सांगूस. त्यांना म्हण, थोडे दिवस हवेत. घोळ मी घातला होता, मी काढला. आता बघू दे."

"आणि नाहीच झालं तर?"

"तर खोकी कर. मी पण येईन पुठ्ठा कापायला."

लेक हसली. कारखानदाराला घाई नव्हती. त्याचं नवं यंत्र यायचं होतं. ते आलं की सांगा, म्हणाला.

त्यानंतरचे दिवस ग्रंथपालांनी कसे काढले ते त्यांनाच ठाऊक. शोधयंत्रात रोज बघायचं नाही असं भाचीने बजावलं होतं, म्हणून ते रोज बायकोला बघायला सांगायचे. आधी काहीच दिसेना. मग लेख तिसऱ्या पानावर उगवला. मग दुसऱ्या पानावर, आणि आता त्याच्या खाली घट्ट खळीची ओळ दिसत होती. एका मंगळवारी लेकीचा फोन वाजला. गायनमंडळाचे मास्तर होते. गाण्यांच्या वह्यांचा ढीग होता, पानं सुटलेला. गुरुवारी एका वकिलाचा कारकून आला. शनिवारी एक म्हातारा पाववाला वडिलांचं पाककृतींचं बाड घेऊन आला, पीठ अजून पानांत होतं.

"तुम्हाला पत्ता कुणी दिला?" लेकीने विचारलं.

"कुणी कशाला देतोय? नातीने शोधलं. वरच होतं की," पाववाला म्हणाला, "गोंदवाल्याच्या खाली."

पहिल्या पानावर, गोंदवाल्याच्या खाली. सगळ्यात वर नव्हे. तो चिकटपट्टीवाला तरुणही अजून वरच होता. पण बाड दाबयंत्रात घालताना लेकीने एका हाताने फोन उचलला आणि कारखानदाराला कळवलं की तिला जमणार नाही, इथे कामं पडलीत. बोलताना तिचा आवाज जरा चढलाच होता. चष्मेवाला बाहेर येऊन बघून गेला.

त्याच संध्याकाळी ग्रंथपाल टेबलाशी बसले आणि मिठाच्या भांड्याजवळचं पत्र त्यांनी स्वतः उचललं. बायकोने दिवा थोडा जवळ सरकवला.

'सप्रेम नमस्कार,' त्यांनी लिहिलं. 'आपल्या पत्राचं उत्तर फार उशिरा देतो आहे, क्षमा असावी. खळ घट्ट घ्यावी. चमचा उभा राहील इतकी. पाठीवर जाड थर द्यावा, सरस मऊ झाला की हाडाच्या किंवा लाकडाच्या पट्टीने हलक्या हाताने काढावा. पातळ खळीने पानांवर डाग पडतात. ते मी आधी चुकीचं लिहिलं होतं, आता दुरुस्त केलं आहे. आपण संग्रहाला हात लावला नाहीत हे फार चांगलं केलंत. नकाशांच्या घड्या नाजूक असतात. स्वतः करायला धीर होत नसेल, तर माझी लेक हे काम करते, माझ्यापेक्षा चांगलं करते. मजकूर आणि तिचा नंबर आता एकाच पत्त्यावर आहे. तो खाली देतो. इतर पत्त्यांवर गेलात तरी तिथेच पोचाल.'

पत्ता त्यांनी दोनदा तपासला. मग शेवटी आपलं नाव लिहिलं, पूर्ण.

सकाळी दोघं चौकातल्या टपालपेटीपर्यंत गेली. रस्ता नुकताच धुतलेला होता, शिंप्याचं दुकान अजून उघडायचं होतं. पेटीपाशी ग्रंथपालांचा हात खिशातच राहिला.

"'चमचा उभा राहील' हे जरा जास्त तर नाही झालं? एकदा घरी जाऊन..."

"काय जास्त? त्या माणसाला चमचा कळतो," बायको म्हणाली. "टाका."

समोरून एक बाई हातात पाकीट घेऊन आल्या. ग्रंथपाल सवयीने बाजूला झाले आणि म्हणाले, "आधी आपण." बाईंनी आपलं पाकीट टाकलं, मान लववली आणि गेल्या. बायकोने आभाळाकडे पाहिलं.

मग ग्रंथपालांनी पत्र काढलं, पेटीच्या फटीत सरकवलं, आणि सोडलं.